हात केला की गाडी थांबते

कंडक्टरला ड्रायव्हरचं तोंड फारसं दिसत नाही. मला तांबे आठवतात ते पाठमोरे. खाकी शर्टाची ताठ कॉलर, उन्हानं रापलेली मान, आणि कानामागे न्हाव्याच्या हातून राहून गेलेले चार पांढरे केस. माणगाव–मुरुड गाडीवर आम्ही बरीच वर्षं जोडीनं ड्युटी केली. जोडी म्हणजे काय, तर मी घंटी द्यायची आणि त्यांनी गाडी सोडायची. त्यापेक्षा जास्त बोलायची गरज त्यांना पडत नसे, आणि भरलेल्या गाडीत मलाही गप्पांना वेळ नसे.

सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस माझ्यावर कुरकुरतो. घाट लागला की आरशात त्यांचे ओठ हलताना दिसायचे. काही दिवस मी सोसलं, मग तळ्याच्या थांब्यावर उतरून सरळ त्यांच्या खिडकीशी गेले.

"तांबे, काय असेल ते तोंडावर बोला. आरशात बघून पुटपुटू नका."

"गाथा म्हणतोय, बाई," ते म्हणाले. "पालीतल्या. रविवारी लग्न लावायचंय."

तांबे त्यांच्या वाडीचे बौद्धाचार्य होते. त्यांच्यात भटजी नसतो. समाजातलाच एखादा माणूस रीतसर शिकून येतो आणि लग्न, नामकरण, मयत, सगळं तोच लावतो. घर चालवायला ज्याची त्याची नोकरी असतेच. तांबेंच्या सीटमागे एका पिशवीत पांढरी पँट आणि पांढरा सदरा कायम इस्त्री करून ठेवलेला असे, कारण मयत काही रजा बघून होत नाही. कितीदा तरी गाडी डेपोत लावून, तिथल्या मोरीतच कपडे बदलून ते तसेच पुढं गेलेले आहेत.

बोलणं कमी, हे फक्त गाडीत. लग्नात ते चार शब्द सांगायला उभे राहिले की आचारी भाताखालचा जाळ काढून घ्यायचा. दारू, हुंडा, अंगात येणं, मुलींचं शिक्षण असं सगळं घेत घेत ते येत आणि नवरा-नवरी माना टाकत. मी एकदा म्हटलं, "तांबे, जरा आवरतं घ्या." ते म्हणाले, "एरवी हे लोक मला एका जागी बसलेले मिळतात कुठं?"

बाकी ते काही संत वगैरे नव्हते. सुकट आणली की डबा तिरका धरून एकटेच खायचे. कोणी गाडीच्या पायरीवर थुंकलं तर दिवसभर तोंड फुगवायचे. त्यांच्या गाडीत पुढच्या काचेला लिंबू-मिरची नाही, देवाचा फोटो नाही, हार नाही. दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा असते. त्या दिवशी तांबे पहाटेच येऊन गाडी अशी धुवायचे की पत्र्यात तोंड दिसावं. नारळ फोडायची वेळ आली की लांब जाऊन उभे राहायचे. एका ड्रायव्हरनं त्यांना टोमणा मारला, "काय तांबे, गाडीला हात जोडले तर बाटाल काय?"

"धुतली मी, पुजली तू," तांबे म्हणाले. "आता चालवू दोघं. बघू कोणाची बंद पडते."

त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. एक म्हणजे हॉर्न क्वचित वाजवायचा. "हॉर्न मारून म्हैस शहानी होत न्हाय, बाई." दुसरी, रस्त्यात कोणीही हात केला की गाडी थांबवायची, थांबा असो वा नसो. आतले लोक करवादायचे, मीही करवादायची, कारण वेळ सांभाळायची जबाबदारी माझी. ते म्हणायचे, "हात केला की गाडी थांबते. तुमच्यासाठी थांबली, तवा बरं वाटलं ना?"

त्यांचं गाव आमच्या वाटेवरच होतं. नाव देत नाही, तिथून अजून गाडी जाते. खाडीच्या अंगाला गाव आणि टेकडीच्या अंगाला बौद्धवाडी, मध्ये रस्ता आणि रस्त्यावर एकच थांबा, दोघांचा मिळून.

त्या गावात पूर्वी शिमग्याच्या होळीचं पहिलं लाकूड तांब्यांच्या घरातल्या माणसानं आणायचं असे. डोक्यावर घेऊन अनवाणी देवळाच्या हद्दीपर्यंत जायचं, हद्दीवर टाकायचं, आत पाऊल ठेवायचं नाही. मग लांबून त्याच्या धोतराच्या सोग्यात शिधा टाकायचे. याला मान म्हणायचे. छप्पन्न साली तांबेंच्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि पुढच्या शिमग्याला लाकूड आणलं नाही. गावानं थोडी आदळआपट केली, मग कोणीतरी दुसरा ते लाकूड आणू लागला आणि गोष्ट विसरली गेली.

ती परत निघाली ती नव्या देवळामुळं. मुंबईकरांनी जुनं कौलारू पाडून सिमेंटचं देऊळ बांधलं, आणि त्याच वर्षी गावातले दोन तरणे पोरगे हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यातला एक गावकीचे अध्यक्ष नाना यांचा पुतण्या. गावानं देवीला कौल लावला. कौलात निघालं, पहिल्या लाकडाचा मान तुटलाय, तो तांब्यांच्याच हातानं जोडला पाहिजे. तांब्यांच्या घरातले गावात राहणारे पुरुष दोनच उरलेले. हे, आणि यांचा धाकटा भाऊ बाळा.

मी स्वतः आगरी घरातली. गावकी काय असते, ते मला कोणी शिकवायला नको. पण नाना वाईट माणूस नव्हता, हेही लिहायला हवं. पुतण्या गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत भीती बसली होती. तो माणगावहून चढला की ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर येऊन बसायचा आणि पुढं वाकून बोलायचा.

"एक लाकूड, तांबे. उचलायचं, टाकायचं, घरी जायचं. कोन बघत न्हाय."

"मी बघतोय ना."

"तुझ्या आज्यानं उचललं."

"उचललं त्यानंच, सोडलं पन त्यानंच. मी काय अर्धाच आजा मानू?"

"आमची पोरं मरतायत रे."

तांबेंनी पुढचं वळण घेतलं. मग म्हणाले, "नाना, तुमच्या पुतन्याला माणगावच्या दवाखान्यात उचलून कोनी नेला? मीच ना? परत सांगा, परत नेईन. पन ते लाकूड सांगू नका."

त्या शिमग्याला लाकूड आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावकीनं सगळ्या वाडीला वाळीत टाकलं. दुकानात सामान नाही, गिरणीत दळण नाही, शेतावर काम नाही, बोलणं नाही. बाळाची सहा आसनी रिक्षा होती, गावातून हायवेपर्यंत फेऱ्या मारायची. तीत कोणी बसेना. ती दारात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि एक कोंबडी तिच्या मागच्या सीटवर अंडी घालू लागली.

वाडीतल्या पोरांनी पोलिसांत तक्रार दिली. तांबेंनी पहिली सही केली. पोलीस आले, शांतता बैठक झाली. गावानं लिहून दिलं की आमच्यात असलं काही नाही, सगळे भावासारखे राहतो. साहेब चहा पिऊन गेले.

"बोलत न्हाईत, याचा पंचनामा कसा करनार?" तांबे मला म्हणाले.

गंमत एवढीच की गावाची एस.टी. तांबेंच्या हातात होती. सकाळी कॉलेजची पोरं, कचेरीतली माणसं, मासळीवाल्या, सगळ्यांना याच गाडीनं जायचं. थांब्यावर एका टोकाला गाव उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला वाडी. वाडीतला नीलेश, संघटनेचं काम करणारा, डोक्यानं गरम, एकदा चढता चढता तांबेंच्या खिडकीशीच गेला.

"काका, उद्यापासून थांबवायची गाडी आमच्या बाजूला, दहा पावलं पुढं. गावाला पळू दे. न्हायतर थांबूच नका. बघू किती दिवस वाळीत टाकतात."

"गाडी थांब्यावर थांबते."

"ते तुमच्याशी बोलत न्हाईत आनि तुम्ही त्यांना माणगावला न्यायचं?"

"बोलायचं तिकीट न्हाय ना रे. जायचं तिकीट हाय."

नीलेश चिडून मागं गेला. मलाही त्याचंच पटत होतं. दुसऱ्या दिवशीही तांबेंनी गाडी थांब्याच्या अगदी मधोमध उभी केली, रोज करायचे तशी.

त्या वर्षात तांबे वाळले. वाडीतली घरं सोसत होती ती त्यांच्या एका नकारापायी, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. अनुसयाआजी म्हणून वाडीतली एक म्हातारी तांदळाचं गाठोडं घेऊन दळायला माणगावला यायची. ते गाठोडं ती मुद्दाम इंजिनच्या झाकणावर, तांबेंच्या कोपराला लागेल असं ठेवायची.

"तुझ्यापायी पीठ माणगावास्नं आनतो बघ."

"उचलू काय लाकूड, आजी?"

"उचललंस तर दारात उभा करनार न्हाय."

दोघंही हसायची. आजी खिडकीकडं बघून हसायची, ते रस्त्याकडं बघून. माणूस कोंडीत सापडतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. इकडं गेलं तर स्वतःचं तोंड दाखवायला जागा नाही, तिकडं गेलं तर शेजाऱ्याच्या पोटावर पाय. मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "बदली मागून घ्या. पनवेलला पोरगा आहे, तिकडं जा." ते म्हणाले, "मी गेलो की बाळा उरतो. मग त्याच्या मागं लागतील."

पुढच्या शिमग्याच्या सकाळी मी आणि तांबे पहिल्या गाडीवर होतो. गावाच्या थांब्यावर गाडी थांबली. नाना सगळ्यांच्या पुढं उभा होता. पायरी चढला, आणि वर्षभर जो माणूस आरशात बघायचासुद्धा नाही, तो तोंड भरून म्हणाला, "काय तांबे, बरं हाय ना?" मागून दुसरा म्हणाला, "सणाची नारळीपाकाची वडी केलीय, देतो घरी धाडून." सगळ्यांचे चेहरे खुलले होते. वाडीच्या बाजूची माणसं मात्र चढलीच नाहीत. ती तिथंच उभी राहिली, खाली बघत.

तांबेंना माझ्या आधी कळलं. त्यांनी माझ्या घंटीची वाटही न बघता गाडी गिअरमध्ये टाकली. तेवढी एकच वेळ.

रात्री लाकूड बाळानं नेलं होतं.

माणगावच्या स्टँडवर तांबेंनी चहा घेतला आणि पाव तसाच ठेवला. पाव म्हणजे त्यांचा जीव. मी विचारलं, "बोललात काय भावाशी?"

"बोललो. तू चुकलास, म्हटलं. आज्याचं सोडलेलं तू परत डोक्यावर घेतलंस." मग म्हणाले, "तो म्हनतो, दादा, तुला महिन्याचा पगार हाय. माझ्या रिक्षात कोंबडी बसलीय. काय सांगू त्याला?"

बहिष्कार उठला. सगळ्या वाडीचा उठला, तांबेंचाही. जे त्यांनी नाकारलं त्याचं फळ त्यांच्या दारात येऊन पडलं. गिरणी सुरू झाली, दुकान सुरू झालं. आणि वाडीनं विहारात बैठक घेतली. ठरलं की बाळाच्या घरी कोणी जायचं नाही, त्याला कोणी बोलायचं नाही. त्याच्या मुलीचं, सोनलचं लग्न मुरुडला ठरलेलं होतं, महिन्यावर आलेलं. त्या लग्नाला वाडीतून कोणी उभं राहायचं नाही आणि कोणी विधी लावायचा नाही. वंदना झाल्यावर हा ठराव वाचायचं काम बौद्धाचार्यांचं, म्हणजे तांबेंचं.

हे मला नीलेशनंच सांगितलं, गाडीत, दाराच्या दांड्याला धरून, अजून रागात. तांबे कागद हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

"वाळीत टाकायचं कसं, ते गावानं आपल्याला वर्षभर शिकवलं," ते म्हणाले. "त्यांच्याकडनं शिकलो ते विहारात वापरायचं काय? बाळा चुकलाय. त्याला दारात जाऊन बोला, शिव्या घाला, मी येतो बरोबर. पन दार बंद करायचं न्हाय."

कोणीतरी विचारलं, मग लग्न लावणार काय. तांबे म्हणाले, लावणार. नीलेश म्हणाला, मग तुम्ही बौद्धाचार्य राहणार नाही. तांबे म्हणाले, बरं.

"आम्ही काय सुखासाठी करतोय हे?" नीलेश मला म्हणाला. "एकानं वाकून दाखवलं की उद्या सगळ्यांना वाकायला लावतील. त्यांना समजत न्हाय काय?"

मी त्याला तिकीट दिलं. तो म्हणत होता ते खरंच होतं. तांबेही तेच म्हणाले असते.

लग्नाला मी गेले. बाळाच्या अंगणात मांडव होता. वाडीतली दारं लोटलेली. मुरुडची वऱ्हाडी मंडळी आली आणि बघतात तर खुर्च्यांवर सगळं गाव, नानासकट, धुतलेल्या कपड्यांत. वाडीतला एक माणूस नाही. सोनलचं तोंड रडून सुजलेलं. बाळा धावपळ करत होता आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

तांबे पांढऱ्या कपड्यांत आले. टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं, सगळं स्वतः लावलं. सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. गावची माणसं उभी राहिली, पण हात जोडावेत की सोडावेत, ते त्यांना कळेना. काहींनी एकच हात वर नेला आणि डोकं खाजवून खाली आणला. शरण आणि शील म्हणून झालं, हार घातले, आणि त्याच वेळी मागून तांदूळ पडले. गावच्या बायकांनी आपल्या सवयीनं घरून अक्षता आणल्या होत्या, पदराच्या गाठीत.

मुरुडकर मागं वळून बघायला लागले. कुजबुज वाढली.

"थांबा," तांबे म्हणाले. आवाज चढवला नाही. "आमच्यात तांदूळ टाकत न्हाईत. तांदूळ खायचा असतो. फुलं टाकतात."

मग ते पाकळ्यांचं ताट घेऊन स्वतः खाली उतरले आणि पहिल्या खुर्चीशी गेले. नाना बसला होता. तांबे ताट धरून उभे राहिले. नाना थोडा वेळ ताटाकडं बघत राहिला. त्यानं आयुष्यात वाडीतल्या माणसाच्या हातून काही घेतलं असेल, असं मला वाटत नाही. त्याला उठावं लागलं. त्यानं ओंजळ पुढं केली, तांबेंनी तीत पाकळ्या घातल्या आणि दुसऱ्या खुर्चीकडं गेले. अशा सगळ्या ओळी फिरले. भाषण त्या दिवशी त्यांनी केलं नाही. आचाऱ्याची फजिती झाली, भात कच्चा होता.

मला वाटलं, आता सुटलं. तसं काही झालं नाही. वाडीनं दुसरा बौद्धाचार्य नेमला आणि तांबेंच्या घरी जाणं बंद केलं. ते विहारात जायचे, मागं बसायचे, कोणी हलवायचं नाही, कोणी बोलायचं नाही. गावानं बाळाला चैत्राच्या जत्रेत पालखीपुढं ढोल धरायला सांगितलं, म्हणजे नीलेश म्हणाला होता तसंच. बाळा ढोल न धरता बायकोला घेऊन रिक्षासकट पनवेलकडं निघून गेला. पुढच्या शिमग्याला नाना परत तांबेंच्या खिडकीशी आला, आणि तांबेंनी परत तेच उत्तर दिलं. गावानं या वेळी वाडीला सोडलं आणि एकट्या तांबेंना वाळीत टाकलं. वाडीनं आधीच टाकलेलं होतं.

ते रिटायर झाले तेव्हा डेपोत आम्ही हार घातला. गावातून कोणी नव्हतं, वाडीतून कोणी नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गाडी माणगावहून मुरुडला चाललेली, नवा ड्रायव्हर, भरलेली. गावाच्या थांब्यावर अर्धी माणसं गावची चढली, अर्धी वाडीची, आणि सगळ्यांच्या शेवटी तांबे. हातात कापडी पिशवी. "जयभीम, आजी," ते म्हणाले. "नमस्कार, नाना." दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. तांबे दांडा धरून माझ्यापाशी उभे राहिले.

"एक मुरुड."

"इतक्या लांब कुठं?"

"सोनलला पोरगा झालाय," ते म्हणाले, आणि मी बघतच राहिले. या माणसानं गाडीत कधी आवाज वर काढला नव्हता, आणि आता तो मागच्या सीटपर्यंत जाईल असं बोलत होता. "तीन दिवस झाले. बाळंतीण बरी हाय. पोरगं गोरं हाय, पन आठवड्यानं खरा रंग कळंल."

लोक ऐकत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अनुसयाआजीनं माझ्या पदराला हात लावला.

"बाई, केस हायत काय डोईवर, विचारा की."

मी विचारलं. तांबे मला म्हणाले, "भरपूर हायत. कानावर आलेत."

मग पुढून नाना बोलला, मान न वळवता. "बाई, त्या बाळाचं कसं काय चाललंय पनवेलला, विचारा."

"रिक्षा चालते," तांबे मला म्हणाले. "दिवसाला दम खायला सवड न्हाय."

मागून आणखी कोणीतरी विचारलं, दूध येतंय का पुरेसं. मी एक हात मशीनवर, एक कान इकडं, एक तिकडं. अजून अर्ध्या गाडीची तिकिटं व्हायची होती.

"आता तुमचं तुम्ही विचारा," मी म्हटलं. "मला तिकिटं काढायचीत."

कोणी विचारलं नाही. मुरुड येईपर्यंत गाडीत फक्त खिडक्यांच्या काचा वाजत राहिल्या. तांबे तसेच दांडा धरून समोरच्या रस्त्याकडं बघत होते. स्टँड आलं. ते पायरीपर्यंत गेले, थांबले आणि सगळ्या गाडीकडं वळले.

"नाव अजून ठेवलं न्हाय," ते म्हणाले. "ठेवलं की येताना सांगतो."

आणि उतरून गेले.